हळू चालणारा पिच्चर

शिवम, तो लॅपटॉप जरा खाली ठेव. श्रेया, तूबी मोबाइल ठेव. कवाचं बघतोय मी, जेवणं झाल्यापासून तुमचं पिच्चर निवडणंच चाललंय. ह्या शनिवारी चाकूवाला का पुढच्या शनिवारी, मेलेले उठतात तो आधी का अंगात येतं तो आधी. निवडा की, मी कुठं नाय म्हणतोय? फक्त कोणता लावायचा ते घरातल्या माणसानं ठरवावं. बाहेरच्याला ठरवू देऊ नये.

हसतीस काहून गं? बस मग, सांगतो. मी जन्मभर हवालदारकी केली. माणसावर संशय घ्यायचा, ह्याचाच पगार खाल्ला. उडत आलेली गोष्ट मी सांगत नसतो. ही इंद्रजीतची हाय, माझ्या साडूच्या पोराची. चष्मेवाला, वाळूजला नोकरीला हाय तो. त्यानं सांगितली तवा त्याचे हात माझ्या हातात होते, आन् ते गार पडलेले.

दोन हजार तेवीसची कोजागिरी. शनिवार होता, ऑक्टोबरची अठ्ठावीस तारीख, आन् त्याच रात्री चंद्रग्रहण. लोकांची अशी पंचाईत झालती म्हणता! जागायचं तर हाय, पण दुधाला तोंड लावायचं का नाय ह्यावरून घराघरात वाद.

इंद्रजीतची बायको तनुजा. तिला सातवा महिना होता. आन् त्याच्या आदल्या साली एक पोटातच गेलेलं. म्हणून द्वारकाबाई, इंद्रजीतची आई, गंगापूरहून सकाळपासून फोनवर फोन करीत होती. चिरायचं नाय, शिवायचं नाय, आडवं व्हायचं नाय, आन् काय वाट्टेल ते झालं तरी ग्रहण सुटंस्तोवर डोळा लागू द्यायचा नाय. तनुजा बँकेत नोकरी करणारी पोरगी, तिला हे काय पटत नव्हतं. पण एकदा हात पोळलेल्या बाईला 'काय होत नसतं' असं छातीठोक कोण सांगणार? ती म्हणली, "जागते आई. माझं काय जातंय."

आता रात्रभर जागायचं तर कसं? इंद्रजीतनं तोड काढली, भुताचे पिच्चर लावू. भ्यालेल्या माणसाला झोप येत नाय.

संध्याकाळी तो औरंगपुऱ्यात गेला, लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर आणायला. मागं गाडीवर त्याचा दोस्त अंगद. एकटा जीव, खायला-प्यायला ह्यांच्याच घरी. वायर घेतली, चारोळी घेतली, आन् त्या गर्दीत रिक्षांच्या मधून गाडी काढता काढता ह्यांची निवड चाललेली. अंगद म्हणला, "भाई, चारो अलग टाइप के चाहिए. एक चाकूवाला, एक मुडदे उठनेवाला, एक अंगात येणारा. चौथा तू बोल." इंद्रजीत म्हणला, "चौथा तो हळू चालणारा. भूत दिसतच नाय, नुसतं घर आन् शांतता." अंगद म्हणला, "उसमें तो मैं सो जाऊंगा यार." हे बोलणं गाडीवर झालं. दोघांतच. ध्यानात ठेवा.

फ्लॅट शहरातच, सातारा परिसरात, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगची मंडळी गच्चीवर गाणी म्हणत बसलेली. हे तिघं खालीच, कारण तनुजाला चंद्राखाली जायचं नव्हतं. टीव्ही जोडून झाला आन् बेल वाजली.

इंद्रजीतनं दार उघडलं. बाहेर एक बाई. पन्नाशीची असंल, फिकट साडी, डोक्यावरून पदर. म्हणली, "तनुजाजवळ बसाया आले. ग्रहण हाय ना."

नावानं बोलली बघा. इंद्रजीतला वाटलं, तनुजाच्या ओळखीची. तनुजाला वाटलं, सासूबाईंनी पहारा धाडला, आन् ती मनातून जरा चिडलीच. अंगदला वाटलं, ह्यांचीच कुणी मावशी. तिघांनी मिळून "या, या, बसा" केलं. आपल्यात ही एक खोड हाय. आलेल्या बाईला 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची लाज. उद्या ती कुणाची चुलतसासू निघाली तर जन्मभर टोमणे ऐका! आन् कोजागिरीला आलेल्याला दारातून कोण परत धाडतंय? मी असतो तर आधी आधारकार्ड मागितलं असतं.

बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पाणी दिलं, नको म्हणली.

अंगदनं चाकूवाला पिच्चर लावला. बाई म्हणली, "हे नको. पोटुशीनं रगत बघू नये." खरंच की! इंद्रजीतला वरमल्यासारखं झालं. मग मुडद्यांचा लावला. ती थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणली, "हेबी नको. मेलेले असे पळत नसतात." अंगद फिदीफिदी हसला. तनुजा नाय हसली.

तिसरा लावला, अंगात येणारा. नावंच येत होती अजून पडद्यावर. बाई म्हणली, "ह्यातली बाई शेवटाला पोर टाकती. बंद करा."

अंगदनं तो आधी पाहिलेला होता. शेवट तोच होता. आन् पिच्चर आठवड्यापूर्वीच आलेला. पदर घेतलेली ही बाई असले पिच्चर बघती? त्यानं विचारलंबी, "आंटी, आपने देखा है?" ती मग म्हणली, "आता तो चौथा लावा. हळू चालणारा."

इंद्रजीतनं अंगदकडं बघितलं, हा बोलला असंल. अंगदनं इंद्रजीतकडं बघितलं, हाच बोलला असंल. आन् पिच्चर लागला.

लई हळू होता म्हणे. एक घर, एक जिना, वाऱ्यानं हलणारा पडदा. गच्चीवरची मंडळी केव्हाच पांगली होती. ग्रहण लागलं. बाई म्हणली, "आवाज बारीक करा, ती दचकंल." केला. "दिवा घालवा, तिच्या डोळ्यावर येतोय." घालवला. बोलणं सगळं काळजीचं, चूक काढायला जागा नाय. पण तनुजाची मान कलायला लागली होती, आन् इंद्रजीतच्या मनात पाल चुकचुकली. जागवायला आलेली बाई दिवा कशाला घालवती?

तेवढ्यात फोन वाजला. द्वारकाबाईचा.

"उचलू नका," बाई म्हणली. "ग्रहणात कशाला."

आता मात्र त्याला पक्का संशय आला. आईनं धाडलेली असती तर आईचाच फोन उचलू नका म्हणली असती? त्याला वाटलं, चोर असंल. बिल्डिंगीत झालती की मागं चोरी. पाणी प्यायचं निमित्त करून तो स्वयंपाकघरात गेला, अंगदला खुणावलं.

"कोण हाय ही?"

"तेरी मौसी नहीं?"

...

त्यानं तिथूनच आईला फोन लावला. द्वारकाबाई म्हणली, "मी कुणाला धाडलं नाय, बाबा. कोण बाई?" मग म्हणली, "तनू जागी हाय ना?"

तो बाहेर आला.

बाई खुर्चीवरच होती. दाराजवळ. हात मांडीवर. तनुजा सोफ्यावर, डोळे अर्धे मिटलेले.

"टेक जरा, लेकी," बाई म्हणत होती. "मी हाय ना जागी."

आन् पिच्चरमधला दिवा विझला.

टीव्ही काळा झाला. पार काळा. गच्चीच्या दिव्याचा जरासा उजेड खिडकीतून येत होता, तेवढ्या उजेडात त्या काळ्या काचेत सगळी खोली दिसली. सोफा दिसला. तनुजा दिसली.

खुर्ची रिकामी होती.

बाई तनुजाजवळ होती. खाली, गुडघ्यावर. तिच्या पोटाला कान लावून...

ऐकत होती.

इंद्रजीतनं मान वळवली. बाई खुर्चीवर. हात मांडीवर.

परत काचेत बघितलं.

आता तिचा हात पोटावर होता...

तनुजाचं डोकं मागं गेलं... ओठ हलले... काहीतरी बोलणार होती...

बाप होता म्हणून हलला, दुसरा कुणी असता तर थिजला असता. झडप घालून त्यानं लॅपटॉप ओढला आन् हाताला लागला तो पिच्चर लावला. चाकूवाला. आवाज फुल्ल. कुण्या बाईची अशी किंकाळी फुटली की तनुजा ताडकन उठून बसली. "तनू, ऊठ! उभी ऱ्हा!" अंगदनं दिवा लावला.

खुर्चीवर कुणी नव्हतं. दाराची कडी आतून घातलेली होती.

मग ग्रहण सुटंस्तोवर त्या दोघांनी तिला बसू दिलं नाय. दोन्हीकडून धरून हॉलमध्ये चालवली. बाईनं नको म्हणलेले पिच्चर सगळे लावले, एकामागून एक, मोठ्या आवाजात. शेजारी भांडायला आले तरी बंद केले नाय. तनुजा रडत रडत चालत होती. म्हणली, "मला कुणीतरी विचारत होतं, हेबी देतीस का म्हणून. इतकं मायेनं विचारत होतं. आणि मी हो म्हणणार होते, इंद्रजीत. मी हो म्हणणार होते."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. बिल्डिंगचं एकेक दार वाजवलं. असली बाई कुणाच्यात नाय. वॉचमन घोरत होता. कॅमेरा होता, पण बंद, आपल्याकडं कॅमेरे शोभेलाच लावतात. अंगदवर मला लई संशय होता, म्हणलं ह्यानंच कुणाला तरी उभं केलं थट्टेसाठी. दोन तास घेतला त्याला फैलावर. पोरगं रडलं. खोटं रडणं मला कळतं, ते खोटं नव्हतं.

नवीन सालात तनुजा बाळंत झाली. पोरगी. गुटगुटीत, वजनाला चांगली, रडणं खणखणीत. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो, इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवून. द्वारकाबाईनं पेढ्याचा पुडा फोडलेला. तनुजाची आई सत्यभामाबाई देवाला हात जोडत होती. सगळ्यांच्या जिवाचा घोर गेला होता एकदाचा. नर्स बाळाला घेऊन बाहेर आली. ती मात्र रागातच होती.

"बाळाला काही घालायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? हे कुणी घातलं?"

तिनं दुपट्याचं टोक बाजूला केलं. बाळाच्या डाव्या पायात चांदीचा वाळा. जुना. काळा पडलेला, झिजून पातळ झालेला.

द्वारकाबाईला वाटलं, सत्यभामाबाईनं घातला. सत्यभामाबाईला वाटलं, द्वारकाबाईनं. मी दोघींना वेगवेगळं घेऊन विचारलं, शपथा घालून. दोघी खरं बोलत होत्या. आत गेलेलं बाहेरचं माणूस एकबी नाय.

संध्याकाळी मी तो वाळा रुमालात बांधून सराफ्यात नेला, ओळखीच्या सोनाराकडं. त्यानं भिंगाखाली धरला, फिरवून बघितला. म्हणला, हवालदारसाहेब, लई जुनं काम हाय, असं आता कुणी करत नाय.

मग माझ्या हाताकडं बघून म्हणला, "वाळे जोडीनं घडवतात. दुसरा कुठाय?"