निरगुडगडची पहिली घागर

निरगुडगड अजिंक्य होता. चैत्रातल्या कोवळ्या उन्हात त्याचे काळे बुरूज धुक्यातून एकेक करून वर येत, तटावरचे निशाण वाऱ्यावर फडफडे, आणि खोऱ्यातला वाटसरू मान दुखेपर्यंत वर पाहून मनोमन मुजरा करी. तीन पिढ्यांत शत्रूचे पाऊल या गडाला लागले नव्हते. तीन पिढ्यांत कोणी शत्रू तिकडे फिरकलाच नव्हता, हे त्याचे कारण.

गडाचा खरा वैरी होता नारू. माणसाच्या पोटरीतून दोऱ्यासारखा हात-दीड हात लांबीचा जंत डोके काढी, आणि तो तुटू न देता काडीवर गुंडाळत, रोज बोटभर, महिना महिना बाहेर ओढावा लागे. हे काम लिंबाजी न्हाव्याचे. पण या गृहस्थाची खोड अशी, की ज्या धंद्यावर पोट, त्याच धंद्याच्या मुळावर तो उठला होता. खालच्या वाडीत वाहत्या झऱ्याचे पाणी पितात, तिथे नारू नाही. गडावर राजटाक्याचे साठलेले पाणी पितात, तिथे घरटी एक लंगडा, हे त्याने काड्या गुंडाळता गुंडाळता हेरले होते. मग बारा वर्षे तो टाक्याच्या पायऱ्यांवर बसून राहिला. दुहेरी पंच्यातून पाणी गाळी, आणि कापडावर राहिलेले वळवळते ठिपके उन्हात धरून दाखवी.

"हे बघ गोदाबाई. हे तू काल प्यालीस."

"मेल्या, सकाळच्या पारी काय दाखवतोस!" पाणक्याची बायको गोदाबाई तोंड फिरवून ओकली. पण त्या दिवसापासून तिने न गाळता घोट घेतला नाही.

दुसरा धडा असा, की ज्याच्या पायात नारू, त्याने टाक्यात उतरायचे नाही. शेजाऱ्याने त्याची घागर भरून द्यायची. यावर लिंबाजीने शिव्या खाल्ल्या, दोनदा मार खाल्ला. शेवटी मात्र सलग दोन वर्षे गडावर एकही काडी लागली नाही. लिंबाजीची उपासमार सुरू झाली, आणि तो भलताच खूश होता.

अशात किल्लेदार शिवदेवराव वर्षभर दरबारची हवा खाऊन परतले, ते डाव्या पोटरीत नारू घेऊन. लिंबाजीला मागल्या दाराने बोलावणे आले.

"ही गोष्ट फुटली तर जीभ छाटू, न्हाव्या. नारू रयतेला होतो. किल्लेदारास होत नसतो."

"हे त्याला कोणी कळवलं नसावं, सरकार," लिंबाजी काडी फिरवीत म्हणाला.

पाडवा चार दिवसांवर होता. पाडव्याला किल्लेदाराने स्वतः राजटाक्यात गुडघाभर पाण्यात उतरून पहिली घागर भरायची आणि शिबंदीने ते तीर्थ घ्यायचे, हा गडाचा जुना रिवाज. लिंबाजीने हात जोडले. "यंदा घागर सबनीसांना भरू द्या, सरकार. आपला पाय पाण्यात गेला, की वरीसभरानं अख्ख्या शिबंदीच्या पायांतून हेच निघंल. तीनशे माणसं आहेत."

"आणि लोकांस काय सांगावे?"

"ताप आला म्हणा."

"शिवदेवरावास ताप येत नाही!"

पाडव्याच्या पहाटे चौघडा झडला. भरजरी अंगरखा ल्यालेले, शेल्याने पोटरी आवळून बांधलेले किल्लेदार टाक्याशी आले, तो तिसऱ्या पायरीवर लिंबाजी दोन्ही हात पसरून उभा.

"मागं फिरा, सरकार."

"बाजूला हो, हरामखोरा!"

भालाइतांनी भाले रोखले. लिंबाजी खाली वाकला. सगळ्यांना वाटले, पाया पडतो आहे. त्याने शेला हिसडून सोडला. काडीवर गुंडाळलेला तो पांढरा दोरा उगवत्या उन्हात तीनशे माणसांनी पाहिला.

"अगं बाई," गोदाबाई म्हणाली, "सरकारांनाबी?"

मागे कोणीतरी हसले. त्या हसण्याने गडाचा निकाल लागला. किल्लेदारांचा चेहरा काळानिळा झाला. "या पायाने पाणी बाटत नाही!" असे गर्जून त्यांनी लिंबाजीला लाथेने बाजूला केले आणि ते सरळ पाण्यात उतरले. जळत्या पोटरीला गार वाटले असावे, कारण ते बराच वेळ उभे राहिले. पायाभोवती नारूच्या बीजाची दुधाळ धार पसरताना पुढच्या रांगेला स्पष्ट दिसली. मग घागर भरली, आणि पुढच्या रांगेनेही तीर्थ घेतले. बारा वर्षे शिकवलेल्या माणसांपैकी एकानेही पंचा काढला नाही. गोदाबाईने तेवढी ओंजळ पदरात जिरवली.

त्याच दुपारी सबनीस अनंतपंतांनी हुकूम लिहिला: जो पाणी गाळील तो सरकारच्या पायांविषयी संशय धरतो, सबब तो राजद्रोही. अक्षर फार सुरेख होते. लिंबाजी अंधारकोठडीत गेला.

पुढल्या चैत्रात, तीन पिढ्यांत प्रथमच, शत्रू आला. तोफा होत्या, दारू होती, गोळे होते. तोफांपर्यंत चालत जाणारे कोणी नव्हते. तीनशेंपैकी दोनशे ऐंशी शिपाई पोटरीला काडी बांधून आडवे पडले होते. उभे होते ते वीस, सारे गोदाबाईच्या आळीतले. पाडव्याच्या ओंजळीत ते बीज अजून कच्चे होते; पुढचे वर्षभर दार लावून ती त्यांचे पाणी गाळीत आली होती. त्या विसांनीच महादरवाजा उघडला, कारण बाकीच्यांना उचलून खाली न्यायला शत्रूचीच माणसे लागणार होती. किल्लेदार स्वतःच्या पायांनी उतरले. त्यांचा पाय केव्हाच बरा झाला होता.

विजयी सरदार रायभानजी घामाघूम होऊन वर आले. कोठड्या उघडल्या. लिंबाजीला चालवत नव्हते, तरी भिंत धरत तो टाक्यापर्यंत आला. त्याने अंगावरची चिंधी दुहेरी केली, तिच्यातून तांब्याभर पाणी गाळले आणि पुढे धरले.

"हे प्यावं, महाराज. टाक्याचं पिऊ नये."

सरदार मोठ्याने हसले. "जिंकलेल्या गडाचे पाणी आम्ही दुसऱ्याच्या हातून पीत नसतो, म्हातारबा!" आणि जोडे काढून, पायऱ्या उतरून, नगाऱ्याच्या गजरात ते ओंजळीने पोटभर पाणी प्याले.

पुढल्या चैत्रात त्यांच्या उजव्या पोटरीतून नारू निघाला.