मोजलेले ठोके

भूमच्या बाजारात आयुबच्या दुकानापुढं भजनी मंडळाचा पखवाज आणि कव्वालांची ढोलकी एकाच बाकावर दाटीवाटीनं बसायची. वाद्य कुणाचंही असो, आयुब त्यावर एक बोट टेकवून सांगायचा, "चार दिवस लागतील," आणि चारच दिवस लागायचे. अठ्ठावन्न वर्षांत न वाजणारं वाद्य त्यानं पाहिलं नव्हतं. वाईट मढवलेली मात्र शेकड्यानं पाहिली होती, आणि ती कुणी मढवली हेही तो नाव घेऊन सांगायचा.

म्हणून करंजढवचे योगीराज देशमुख आणि रिजवान जहागीरदार त्याच्या दारात उतरले, तेव्हा त्यांचं काम त्याला आधीच कळलं. हे दोघं एका मोटरसायकलवर कसे बसले, एवढंच काय ते नवल होतं.

"वेशीवरचा नगारा उघडायचं ठरलंय," योगीराज म्हणाला. "औंदा जत्रा अन् उरूस एकाच दिवशी आलेत. दोन्हींचा मिळून एकदाच वाजवायचा."

"अन् चाचा, तुमीच वाजवायचा," रिजवान म्हणाला. "नगारची तुमच्याच घराण्यातला होता."

आयुबनं हातातली चामड्याची वादी खाली ठेवली. हे वाक्य ऐकायला त्याचे बाप-आजे तरसून गेले होते.

करंजढवची जहागीर चिमूटभर, पण तंटा मोठ्या दरबाराला शोभेल असा. जहागीरदार कृष्णराज वारले, तेव्हा मागं दोन बायका. लक्ष्मीबाईंचा दत्तक मुलगा, योगीराजचा पूर्वज, त्याच्या पाठीशी देऊळ. फरिदाबींच्या पोटचा मुलगा, रिजवानचा पूर्वज, त्याच्या पाठीशी दर्गा. रिवाज असा, की गादी रिकामी झाली की आधी नगारा वाजवायचा, मग वारस जाहीर करायचा. नेमका तेव्हा निजामाचा हा मुलूख सात वर्षांसाठी इंग्रजांकडं गेलेला, आणि निवाड्याला येणार होता एक गोरा साहेब. आयुबच्या खापरपणज्यानं वेशीत, सगळ्या गावादेखत नगारा वाजवला. आवाजच आला नाही. देवळाकडचे म्हणाले, यानं दर्ग्याकडून लाच खाऊन नगारा फोडला. दर्ग्याकडचे म्हणाले, देवळाकडून. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. साहेबानं वारस ठरेपर्यंत नगारा बंद म्हणून त्यावर लाखेची मोहर ठोकली आणि जहागीर सरकारजमा केली. खापरपणजा भूमला आला, पण 'मुका नगारची' हे नाव त्याच्या आधीच येऊन पोचलं होतं. आयुबलाही शाळेत पोरं त्याच नावानं चिडवायची. तो आळ एकदाचा पुसायचा होता.

आठ दिवस आधी तो करंजढवला गेला. वेशीवरच्या नगारखान्यात तांब्याचं मोठं भांडं, त्यावर ताणलेलं कातडं, आणि ते आवळणाऱ्या चामडी वाद्यांच्या गाठीवर काळपट लाख. लाखेवर मुकुटाचा ठसा अजून स्पष्ट होता. आयुबनं छिन्नीनं मोहर उडवली आणि कातडं बारकाईनं पाहिलं. कुठंही चीर नव्हती. त्याला एवढा आनंद झाला की खाली झाडलोट करणाऱ्या नागूबाईंना त्यानं हाक मारून वर बोलावलं.

"बघा मावशी, फोडलाय का कुठं? उगाच बदनाम केलं आमच्या म्हाताऱ्याला."

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. इतक्या वर्षांत कातडं वाळून फळीसारखं व्हायला हवं होतं. हे कालच ओढून बसवल्यासारखं मऊ होतं. सावली, भिंतींची ओल, तांबं, अशी तीन कारणं त्यानं झटक्यात काढली आणि टिपरी उचलून ठोका मारला.

काहीच ऐकू आलं नाही. टिपरी कातड्यावर आपटल्याचाही आवाज नाही.

"ढिला पडलाय," आयुब म्हणाला. त्यानं वाद्या आवळल्या. तिसऱ्या दिवशी जुनं कातडं काढून नवं चढवलं. मग ठोका मारून तळहात टेकवला. हाताला थरथर लागत होती, कानाला काही नाही.

नागूबाई केरसुणी धरून बघत होत्या. "त्यो वाजतोय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"मला कशाला यील? त्यो वारसालाच ऐकू येतो, असं आमची आजी सांगायची. साहेबानं दोन्ही पोरांना इचारलं, किती ठोके ऐकले? एक म्हनला पाच, एक म्हनला सात. तुमच्या म्हाताऱ्यानं मारले व्हते अकरा."

"साहेबाला काय ठाऊक?"

"साहेब तवा दोन कोसांवर माळाला तंबूत व्हता. तसाच घोड्यावरनं आला, पानी मागितलं, अन् म्हनला, अकरा ठोके झाले, कोन वाजवत व्हतं?"

आयुब मनापासून हसला. त्या हसल्या नाहीत.

जत्रेच्या दिवशी दुपारी वेशीत मांडव पडला. मधोमध नगारा. शेजारी पांढरी खोळ घातलेली जहागिरीची गादी, भांडण नको म्हणून तेव्हापासून रिकामी ठेवलेली. तिच्या एका बाजूला योगीराज बसला, दुसऱ्या बाजूला रिजवान. आयुबला अजूनही खात्री होती. मोकळ्या हवेत घुमेल, खोलीत दबत असेल. त्यानं बिस्मिल्ला म्हणून टिपऱ्या उचलल्या आणि खांद्यापासून जोर लावून ठोके मारले. नऊ.

मांडवात फक्त पंख्याची घरघर होती.

मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "मुका नगारची." आयुबचे कान तापले.

"मला आला ऐकू," योगीराज अचानक म्हणाला.

"मलाबी," रिजवान लगेच म्हणाला.

"किती ठोके?" आयुबनं विचारलं.

"पाच."

"सात."

नागूबाईंनी पदर तोंडाला लावला.

आयुबनं टिपऱ्या सतरंजीवर ठेवल्या.

तेवढ्यात वेशीबाहेर पांढरी गाडी थांबली. पस्तिशीचा एक माणूस उतरला. गळ्यात ओळखपत्र, बुटांना माळावरची लाल माती. सोलरच्या कंपनीकडून जमीन बघायला आलो, तो म्हणाला. सकाळपासून तो पलीकडच्या माळावरच होता.

"थोडं पाणी मिळेल का?"

कुणीतरी तांब्या दिला. बसायला दुसरी जागा नव्हती. तो सहज गादीवर बसला. योगीराज आणि रिजवान दोघंही उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"छान वाजवता हो," तो पाणी पिऊन म्हणाला. "पार माळापर्यंत आवाज येत होता. मी मोजले. नऊ ना?"

"नऊ," आयुब म्हणाला.

आळ फिटला होता, साऱ्या गावादेखत. बापाच्या कबरीवर जाऊन सांगावं अशी ही गोष्ट. पण आयुबला त्या क्षणी कुणालाच काही सांगावंसं वाटेना.

माणसानं तांब्या खाली ठेवला आणि मान जराशी कलती केली.

"दहा," तो म्हणाला.

टिपऱ्या सतरंजीवरच पडलेल्या होत्या. आयुबनं हात लांबवून नगाऱ्यावर तळवा टेकवला.

कातडं थरथरत होतं.