पायरीवरचे देठ

जावयाने टोपली टेबलावर ठेवली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. टोपलीत मधाच्या रंगाच्या इवल्या इवल्या छत्र्या, मध्ये फिकट, कडेला ओलसर गडद. ओपेंका अळंबी. यार्मिला एकेक छत्री उलटून बघू लागली. मागच्या शरदात हिचंच सूप पिऊन तिचा नवरा वेंदेलीन गेला होता.

"जावईबापू, देठ कुठंयत?"

"देठ कोण आणतं, आई? चामट असतात. खुंटापाशीच कापून टाकले," ओता हसला. "बाबांची नजर गेली होती. माझी शाबूत आहे."

गावात सगळे असंच करतात. पण खरी ओळख देठातच असते. देठावरच्या कंकणाखाली खवले असले तर खायची, नुसते चंदेरी धागे असले तर मरणाची. आणि दोघी एकाच खुंटावर गळ्यात गळा घालून उगवतात.

लेकीला, राद्काला सातवा महिना होता आणि याच सुपाचे डोहाळे लागले होते. नवरा गेल्यापासून यार्मिला दिसेल त्या अळंबीला विष म्हणे, म्हणून वर्षभर लोक तिला भ्रमिष्ट म्हणत आले होते. तिने पातेलं चुलीवर चढवलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

सूप रटरटू लागलं. शेपूच्या वासात हळूहळू कुजक्या, ओल्या लाकडाचा वास मिसळला. मग मागच्या दारी लोखंडी पट्टीवर कुणीतरी बूट घासले. खर्र... खर्र... वेंदेलीन जंगलातून आला की असेच घासायचा.

"राद्का... ऐकलंस?"

"काय गं?"

यार्मिलाने दार उघडलं. कुणी नव्हतं. पायरीवर ताजे देठ ओळीने मांडले होते, एकावरही खवला नव्हता. प्रत्येक देठ खालून नव्याने कापलेला, कापात मधोमध खाच. तसल्या तुटक्या धारेची सुरी गावात एकच होती, आणि ती तिनेच वेंदेलीनच्या शवपेटीत ठेवली होती.

तिने पातेलं मोरीत उपडं केलं.

"हे... हे देठ तर मी जंगलातच टाकले होते," पायरीकडे बघत ओता पुटपुटला.

यार्मिलाला रडू फुटलं. मेल्यावरही माणूस घरासाठी धावून आला होता.

"आई..." राद्काच्या हातात पळी होती. "मीठ बघता बघता मी... वाटीभर प्यायले."

ओता गाडी काढायला धावला. पोटाशी हात धरलेल्या लेकीला सावरत यार्मिला मागच्या दाराने निघाली आणि पायरीवरच थबकली. देठ नव्हते. चिखलात वेंदेलीनच्या बुटांचे ठसे जंगलाकडे वळले होते. त्यांच्या शेजारून, बोट धरून चालावं तशी, चिमुकली अनवाणी पावलं गेली होती.