बोरजाईची पाटी

पहिली बॅटिंग कोणाची, यावरून भांडत भांडतच ती तिघं जुन्या स्टेशनावर पोचली. निमिष सर्वांत लहान, म्हणून त्याला पहिली हवी होती. बॅट स्वप्नालीची, म्हणून तिला. निमिषची मोठी बहीण अबोली मात्र दोघांना मधूनमधून चावी मारत मजा बघत होती.

दिवाळीच्या सुट्टीत अबोली आणि निमिष सांगलीहून बोरजाईला आजोळी येत. स्वप्नाली त्यांच्या मामाची मुलगी. बोरजाईला आता रेल्वे येत नाही. पूर्वी मीटरगेजची छोटी गाडी उसाच्या रानांतून धूर सोडत यायची, इथं थांबून इंजिनात पाणी भरून घ्यायची आणि मिरजेकडे निघून जायची. मग रुंद रूळ आले. ते टेकडीच्या पलीकडून सरळ गेले आणि बोरजाईचं स्टेशन अलीकडेच राहून गेलं. जुने रूळही उचलून नेले. उरला तो दगडी प्लॅटफॉर्म, तिकीटघराच्या बिनछपराच्या भिंती आणि टोकाला दोन खांबांवर उभी असलेली लोखंडी पाटी. पिवळ्या रंगावर उठावाची काळी अक्षरं होती : बोरजाई. सपाट प्लॅटफॉर्मसारखं क्रिकेटचं मैदान साऱ्या पंचक्रोशीत नव्हतं, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने स्टेशन अजून चालूच होतं.

त्या दिवशी मात्र खेळ सुरूच झाला नाही. पाटी जागेवर नव्हती.

दोन्ही खांब गुडघ्याएवढे उरले होते. कापलेल्या जागी लोखंड नव्या नाण्यासारखं चमकत होतं. "कटरनं कापलंय," स्वप्नाली म्हणाली. तिच्या वडिलांनी शेतातलं गेट बसवताना तिने तसं कापलेलं पाहिलं होतं. आणि मग हळूच म्हणाली, "आता आबांचं कसं व्हायचं गं?"

आबा म्हणजे तिघांचे आजोबा, भाऊसो. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. बोरजाईच्या घराघरांतून कोणी ना कोणी फौजेत गेलेलं. आबांच्या वयाचे सगळे याच स्टेशनावरून गाडीत बसून भरतीला गेले होते. म्हणून दर दिवाळी पाडव्याला गावातले म्हातारे फौजी सकाळी प्लॅटफॉर्मवर जमत, थर्मासातला चहा पीत आणि जुन्या गोष्टी काढत. पूर्वी प्लॅटफॉर्म भरून जायचा म्हणे. आता एका सतरंजीवर सगळे मावत.

मुलांनी घरी जाऊन सांगितलं तेव्हा आबा पितळी फुलपात्रातून पाणी पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आरडाओरडा केला नाही, कोणाला शिव्या घातल्या नाहीत. फुलपात्र खाली ठेवून एवढंच म्हणाले, "मग औंदा जमायला नगं तिथं." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. भर सकाळी आडवे झालेले आबा मुलांनी कधी पाहिले नव्हते.

गावात विचारावं म्हणून तिघं उपसरपंच उदयसिंहांकडे गेली. ते मोबाइलवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी सांगितलं, की भंगारवाल्यांचा सुळसुळाट झाला आहे, पाटी केव्हाच वितळली असेल, आणि गंजक्या पत्र्यासाठी सुट्टी वाया घालवण्यापेक्षा मुलांनी किल्ला करावा.

बाहेर आल्यावर अबोली म्हणाली, की आपण पुन्हा स्टेशनावर जाऊ या, सकाळी आपण फक्त खांब बघितले, जमीन बघितलीच नाही.

जमीन पुष्कळ बोलत होती. प्लॅटफॉर्मच्या कडेला ट्रॉलीच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या आणि त्यांच्या मध्ये वाळलेलं उसाचं पाचट सांडलं होतं. आजूबाजूला तर ज्वारीचं रान. पाचट आलं कुठून? निमिषनेच उत्तर शोधलं. त्यांच्या घरी नवा टीव्ही आला तेव्हा तो खोक्यात थर्मोकोलमध्ये बसवलेला होता. तसं ट्रॉलीत पाचट अंथरलं असणार, पाटीला ओरखडा उठू नये म्हणून. वितळवायची वस्तू कोण एवढी जपून नेईल?

"म्हंजे पाटी हाय!" स्वप्नाली ओरडली. "कुठंतरी उभी हाय ती!"

खुणांचा माग काढत तिघं वाटेला लागली. कारखान्याकडे जाणाऱ्या सगळ्या ट्रॉल्या डावीकडे वळत होत्या, ही मात्र उजवीकडे वळून डांबरी रस्त्याला लागली होती. डांबरावर खुणा संपल्या. तिघं तिथं घुटमळत असताना समोरून मेंढरांचा कळप आला. मागून बिरदेव मेंढका काठी खांद्यावर टाकून येत होता. स्वप्नालीने त्याला हटकलं. काल सांजच्याला पाचटानं भरलेली ट्रॉली बघितली का?

"बघितली की," बिरदेव म्हणाला. "मेंढरं बाजूला घ्या म्हून हॉर्न वाजवून वाजवून डोसकं उठवलं माझं. पाचट कारखान्याला न्हेत न्हाईत, आन् ही गेली हायवेच्या नव्या हाटेलाकडं. मला बी नवल वाटलं. हाटेलात काय जनावरं बांदल्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी मामींना विचारून तिघं दोन सायकलींवरून हायवेला गेली. निमिष अबोलीच्या कॅरिअरवर. हॉटेल नवं कोरं होतं, पाडव्याला उद्‌घाटन व्हायचं होतं. सगळी सजावट रेल्वेची. सिग्नलचे दिवे, लाकडी बाकं, तिकीट खिडकीसारखा गल्ला. आणि दारातच, चाकांच्या लोखंडी चौकटीत बसवलेली एक पिवळी पाटी. तिच्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं : हॉटेल जंक्शन.

निमिषचा चेहरा पडला. अक्षरं सपाट होती, रंगवलेली. ही ती पाटी नव्हेच. पाटीच्या मागे कुंड्यांची दाट रांग लावलेली होती, आणि त्यामागे भिंत. अबोलीने त्याला डोळ्यांनी खुणावलं. तो बुटाची लेस बांधायला म्हणून खाली बसला आणि कुंड्यांमधून हात आत घातला. पाटीच्या मागच्या बाजूला बोटांना काहीतरी उंचवटा लागला. एक उभी रेघ, तिच्या डोक्यावर वळणारी मात्रा. बोटं तशीच पुढे सरकली. र. मग ज. तो उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, पण तोंडातून त्याने चकार शब्द काढला नाही.

तेवढ्यात हॉटेलचे मालक नारायणराव बाहेर आले. हसतमुख माणूस. मुलं सजावट बघायला आली आहेत असं वाटून त्यांनी सगळ्यांना सरबत दिलं. अबोलीने हॉटेलचं तोंडभरून कौतुक केलं. मग भोळा चेहरा करून म्हणाली, की आमच्या गावातही जुन्या वस्तू पडून आहेत, बैलगाडीची चाकं, दगडी जाती. तुम्हाला हव्या असल्या तर कोणाला सांगायचं?

"कुठलं गाव तुमचं? बोरजाई? मग उदयसिंहांनाच सांगा की," नारायणराव म्हणाले. "माझे मित्र आहेत. ही पाटीही त्यांनीच पाठवली. बेवारस पडली होती म्हणाले."

परत येताना रस्त्यात थांबून तिघांनी खूप खल केला. आबांना लगेच सांगावं, तर आबा तडक उदयसिंहांच्या दारात जातील, भांडण होईल, आणि उदयसिंह म्हणतील मुलं खोटं बोलतात. निमिषला रात्री जाऊन पाटी पळवावीशी वाटत होती. ती उचलणार कोण, या प्रश्नावर तो बेत बारगळला. शेवटी अबोलीला वेगळंच सुचलं. पाटी आपण न्यायची नाही. ज्यांची पाटी आहे त्यांनाच तिच्यापाशी न्यायचं.

मग अबोलीने नारायणरावांना फोन करून विचारलं, की आमच्या गावचे जुने फौजी पाडव्याला जमतात, यंदा ते उद्‌घाटनाला आले तर चालेल का? नारायणराव खूशच झाले. त्यांनी जीप पाठवायचं कबूल केलं. इकडे आबा काही हलायला तयार नव्हते. स्वप्नालीने त्यांच्या पायाशी बसकण मारली आणि ते हो म्हणेपर्यंत उठायचंच नाही असं ठरवलं. अखेर तिच्यासाठी म्हणून ते उठले आणि छातीवर पदकं लावून जीपमध्ये बसले.

प्रमुख पाहुणे उदयसिंहच होते. जीपमधून म्हातारे उतरताना पाहून त्यांचा हात फेट्याकडे गेला. ते लगबगीने आत निघाले होते, पण नारायणरावांनी त्यांना धरून आणलं, हार-तुरे झाले, आणि फोटोग्राफर म्हणाला, की सगळ्यांनी पाटीपाशी उभं राहावं.

"काका, सगळे मावणार नाहीत," अबोली म्हणाली. "पाटी जरा पुढे घेऊ या का? चाकं आहेतच तिला."

उदयसिंह म्हणाले राहू दे, कशाला उगाच. पण निमिष आणि स्वप्नालीने चौकट धरली होती. पाटी कुंड्यांपासून सुटली, पुढे आली, आणि तिघांनी मिळून ती अर्धी फिरवली.

बोरजाई.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी काढली. आबा पुढे झाले आणि त्यांनी पाटीच्या कडेवर हात ठेवला, दारात आलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

नारायणरावांच्या तोंडचा रंग उडाला. आपल्याला बेवारस म्हणून सांगितलं होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सगळ्यांच्या नजरा वळल्या तेव्हा उदयसिंहांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. "पडून होती हो," ते पुटपुटले. "मला वाटलं, कोण बघतंय तिच्याकडं."

"आमी बघत हुतो," आबा म्हणाले.

त्याच दुपारी पाटी बोरजाईला परत आली. ट्रॉली उदयसिंहांनी स्वतः चालवली, पाचटही स्वतः अंथरलं. नारायणरावांनी वेल्डर आणला आणि नवे खांब बसेपर्यंत उन्हात उभे राहिले. निघताना त्यांनी आबांचे पाय धरले आणि मुलांना म्हणाले, की माझ्या हॉटेलचं उद्‌घाटन तुम्ही पार उलटंपालटं केलंत, पण तुमच्यासारखी पोरं माझ्या घरात असती तर मला अभिमान वाटला असता.

प्लॅटफॉर्मवर सतरंजी पसरली. सारं गाव लोटलं होतं. म्हाताऱ्यांनी मुलांना आपल्यामध्ये बसवून घेतलं. एकाने तर निमिषला कडक सलाम ठोकला, त्यामुळे तो फारच लाजला. स्वप्नालीने मग सगळ्यांच्या मनातलं विचारलं. आबा, पाटी गेली तर तुम्ही एवढं अंथरूण का धरलं?

आबांनी समोरच्या ज्वारीकडे बघितलं. तिथूनच पूर्वी रूळ जायचे.

"बेळगावला ट्रेनिंगला निघालो, तवा आई सोडाया आलती," ते म्हणाले. "गाडी हलली. आईकडं बघितलं असतं तर मी उडीच टाकली असती खाली. म्हून या पाटीकडं बघत ऱ्हायलो. नाव वाचत ऱ्हायलो, दिसंनासं हुईपतूर. आई पाटीच्या खालीच हुबी हुती."

मग त्यांनी सांगितलं, की सुट्टी मिळून परत आलो तोवर आई गेली होती आणि गाडीही बंद झाली होती. नव्या स्टेशनावर उतरून रानातनं चालत आलो. गावाशी पोचलो तेव्हा या प्लॅटफॉर्मवर कुणी नव्हतं. पाटी तेवढी होती.

ऊन कलत चाललं होतं. ज्वारीवरून वारा आला. निमिष उठला आणि काही न बोलता पाटीच्या खाली जाऊन उभा राहिला. आबा त्याच्याकडे बघत राहिले, आणि या वेळी त्यांनी नजर वळवली नाही.