कपाळावरची वेळ

दार लोटून घ्या रे, डास येतायत. भुताची गोष्ट हवी ना? मग मध्ये खिदळायचं नाही. ही तुमच्या काकूच्या थोरल्या भावाची. तोच तो, चौकात फुशारक्या मारणारा मिशाळ.

यंदाची अकरा मार्च, मंगळवार, रात्रीचे साडेदहा. मिशाळ स्कूटरवरून पाथरवटाकडून घरी येत होता. लढाईत गेलेल्या गावकऱ्यांची नावं चौकातल्या दगडावर कोरायची होती, आणि हा शहाणा सांगून आला होता, एक नाव गाळा म्हणून. बिनबंदुक्याचं.

बिनबंदुक्या आमच्या पलटणीत जखमींची मलमपट्टी करायचा. माणूस मारणार नाही म्हणाला आणि शेवटपर्यंत बंदूक धरली नाही. पण गोळ्यांमधून सरपटत जाऊन पोरं ओढून आणायचा. जखमींची गाडी मी चालवायचो, डोळ्यांनी पाहिलंय. मिशाळ त्याला "बांगड्या भर" म्हणायचा. आणि मांडीत गोळी लागून हाच वीर "आई गं, आई गं" करत पडला, तेव्हा कोण गेलं? तोच. मांडीला पट्टा आवळला, रक्त थांबवलं आणि जांभळ्या पेन्सिलीने कपाळावर वेळ लिहिली. पट्टा केव्हापासून आहे ते पुढच्या डॉक्टरला कळावं लागतं, नाहीतर पाय जातो. पाच दहा. मी स्वतः वाचली. बिनबंदुक्या पुढच्या जखमीकडे वळला आणि छातीत गोळी लागून तिथंच गेला.

दवाखान्यात उतरवला तेव्हा मिशाळचं कपाळ साफ! थुंकी लावून पुसलेलं. म्हणे, "भेकड पळत सुटला, म्हणून मेला. पट्टा मीच बांधला." मी सांगितलं सगळ्यांना, पण ड्रायव्हरचं कोण ऐकतो? बिनबंदुक्याची म्हातारी आई मिशाळच्या दारात खेपा घालायची. "खरं काय ते सांग रे बाबा, दगडावर नाव तरी लागू दे." चोर तो चोर, वर शिरजोर, हा तिला उंबऱ्यावरूनच हाकलायचा. किळस येते मला.

तर नाल्याजवळ स्कूटर घसरली. पत्र्याने मांडी फाटली. तीच मांडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हा ओरडतोय... रक्त वाहतंय... आणि मागून आवाज आला.

पावलांचा नाही. सरपटण्याचा.

कोपरांवर पुढे येणारा... थांबणारा... पुन्हा येणारा...

"हलू नका, साहेब."

पट्टा आवळला गेला. हात बर्फासारखे. ह्याने डोळे मिटले. कपाळावर काहीतरी टेकलं. टोकदार... ओलं...

मग काहीच नाही.

पहाटे दूधवाल्याला सापडला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा भेदरून सगळं ओकला माझ्यापाशी. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "पट्टा कुणी बांधला? त्यानेच वाचलात. आणि हे कपाळावर काय?"

जांभळ्या अक्षरात वेळ होती. अपघात साडेदहाचा. कपाळावर पाच दहा.

ऐकून म्हातारीही आली. वाकून बराच वेळ बघत राहिली.

"माझ्या पोराचं अक्षर आहे," म्हणाली.

मिशाळने तोंड उघडलं. मला वाटलं, आता तरी...

"कुणीतरी वाटसरू असेल," म्हणाला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! म्हातारी निघून गेली. दगडावर नाव अजून नाही.

उद्या चौकात जाऊन बघा त्याला. साबण झाला, रॉकेल झालं, कातडी सोलेपर्यंत घासून झालं. एवढा मे महिना तापलाय, आणि लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून बसलेला असतो. काढ म्हणा एकदा.