अंतर शून्य

नागपुरात हल्ली पाहुण्याची ओळख करून देताना नाव-गाव सांगून भागत नाही, अंतरही सांगावं लागतं. 'हे आमचे व्याही, भंडाऱ्याचे, अंतर बावन्न' असं म्हटलं की ऐकणारे कौतुकाने मान हलवतात. बावन्नवाला माणूस बरा. बसायला जागा देईल, उसनी शिडी परत करील. साठाच्या वरचे लोक आकडा सांगायचं टाळतात आणि निवडणुकीला उभे राहणाऱ्यांचं यंत्र तर नेमकं मोजणीच्याच दिवशी बिघडतं.

देवानंद गजभिये मात्र आपला आकडा छातीठोकपणे सांगायचा. "एकाहत्तर! काही लपवाछपवी नाही जी. याच्यापेक्षा कमी असता तर कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत केली नसती, भिक्षापात्र घेऊन हिंडलो असतो."

मोजणी तशी साधी आहे. माणसाला खुर्चीत बसवतात, समोरच्या खुर्चीत कुणीतरी अनोळखी. डोक्याला पट्टा बांधतात. आधी तुमच्या तळहाताला बारीकसा चटका, मग तुमच्या देखत समोरच्याच्या तळहाताला तेवढाच. मेंदूत दुःख उमटतं त्या जागा दोन्ही वेळा किती पेटल्या ते यंत्र शंभरापैकी मोजतं आणि पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करतं. उरेल ते आप-पर अंतर. लोकांच्या तोंडी नुसतं अंतर. ज्याला कुणी अहंकार म्हणत होतं, कुणी आत्मदृष्टी, कुणी नुसताच मीपणा, तो चोर शास्त्रज्ञांनी असा वजाबाकीत पकडला.

ज्याची वजाबाकी शून्य येते तो 'निरंतर'. लाखात एखादाच सापडतो. पण सापडला की सरकार त्याला सोडत नाही. दान आलेलं यकृत एक आणि घेणारे दोन, अशा वेळी कुणाला द्यायचं हे निरंतर पंच ठरवतो. पूर्वी हे काम संगणक करायचा आणि प्रत्येक निकालावर कोर्टात दावा व्हायचा. लोकांचं म्हणणं असं की ज्याला स्वतः मरायचं नाही, त्याने आमच्या मरणाचा निकाल का द्यावा? निरंतर पंच आले आणि दावे थांबले. ज्याला 'माझं' असं काही नाही, त्याच्याशी भांडणार कशावरून?

अशी एक पंच देवानंदच्या घरातच होती. त्याची बायको, प्रणाली.

लग्नानंतर कितीतरी वर्षं ती पहाटे उठून ध्यानाला बसायची आणि देवानंद उशीत तोंड खुपसून घोरायचा. शाळेतली नोकरी, विहारातली शिकवणी, घरचा स्वयंपाक, सगळं सांभाळून बसायची. तिचा आकडा शून्य निघाला तेव्हा सगळ्या मोहल्ल्याने पेढे वाटले. एकट्या देवानंदला संशय आला. माणसं आणि संत्री दोन्ही वरून पिवळीधमक असतात, आतली फोड पाहिल्याशिवाय भाव करू नये, हा त्याचा धर्म.

म्हणून त्याने तिला पारखलं. शेजारचे नाकाडे तापाने आजारी पडले, त्याच दिवशी तोही "आई गं, अंग मोडून आलं" करत पांघरुणात शिरला. प्रणालीने एकाच पातेल्यात खिचडी केली. पहिली वाटी नाकाड्यांकडे गेली.

"काहून? नवरा कोण आहे तुझा?" देवानंद पांघरुणातून ओरडला.

"त्यांना खरा ताप आहे," ती म्हणाली, "आणि तुम्हाला भूक."

त्या दिवसापासून त्याने हार मानली. मित्रांत सांगायचा, "आमच्या घरी भांडण नाही बाप्पा. माझं-माझं म्हणणारा मी एकटाच. स्पर्धाच नाही." पण हे सांगताना एक सल आत राहायचा. त्याचा हिशेब असा, की संत्र्याची पेटी घरच्या चौघांत फोडली तर पोटभर येतात. अख्ख्या गल्लीत फोडली तर हाती एक फोड. ही बाई साऱ्या गावावर सारखीच माया करते, म्हणजे आपल्या वाट्याला फोडच आलेली आहे. आयुष्यभर त्याने ती फोड चोखून खाल्ली आणि तक्रार केली नाही, हा त्याच्या मते त्याचा मोठेपणा.

पंचांच्या मंडळाची एक रीत होती. निकाल लागला की ज्याला 'नाही' म्हणायचं त्याच्या घरी पंचाने स्वतः जायचं, समोर बसायचं आणि तोंडाने सांगायचं. तिला नकाराची भेट म्हणत. प्रणाली अशा भेटीहून परत आली की तिला घास जात नसे. आधी एक वेळ, मग दिवस दिवस. साडीच्या निऱ्या वाढत चालल्या. एका भेटीहून येताना ती जिन्यातच कोसळली, तेव्हा देवानंदने तिला गाडीत घातलं आणि थेट मोजणी केंद्रात डॉक्टर ओजस्विनी काळमेघ यांच्यापुढे आणून बसवलं. हे यंत्र ज्यांनी बांधलं त्यांतल्या एक म्हणजे या काळमेघबाई.

"डॉक्टरबाई, तुम्ही तर म्हटलं होतं, हिचा अहंकार गेला. मग दुःख कोणाला होऊन राहिलं?"

काळमेघबाई हसल्या आणि त्यांनी पुन्हा मोजणी लावली. प्रणालीच्या समोरच्या खुर्चीत केंद्राच्या फाटकावरचा पहारेकरी बसला. चटके दिले. पडद्याकडे पाहता पाहता बाईंचं हसू विरलं. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"काय झालं? शून्य नाही आलं?" देवानंदला एकदम आशा वाटली.

"शून्यच आलं. पण..." त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "देवानंदभाऊ, पंच निवडताना वजाबाकी झाली की यंत्र मूळचे दोन्ही आकडे पुसून टाकतं. ही अट आम्हीच घातली. कुणाला दुखणं किती लागतं ही माहिती विमावाल्यांच्या हाती पडू नये म्हणून. त्यामुळे इतक्या वर्षांत ते आकडे कुणी पाहिलेच नाहीत. प्रणालीताई आज उमेदवार नाहीत, रुग्ण आहेत, म्हणून पुसले गेले नाहीत."

"मग?"

"आम्ही धरून चाललो होतो की निरंतर माणसाचं स्वतःचं दुःख विझलेलं असतं आणि दुसऱ्याचंही. तीनातून तीन गेले, शून्य. टोपवाले पंच असेच असतात." टोप म्हणजे चुंबकीय टोप. तो काही महिने डोक्यावर घेतला की मेंदूतल्या त्या जागा थंड पडतात. पंच कमी पडू लागले तेव्हा कायद्याने तशा लोकांनाही मान्यता दिली होती. "तुमच्या बायकोचा स्वतःच्या हाताचा आकडा अठ्ठ्याऐंशी आहे. आणि त्या पहारेकऱ्याच्या हाताचाही अठ्ठ्याऐंशी."

देवानंदने बोटांवर वजाबाकी करून पाहिली. "म्हणजे एकाचं दुकान बंद पडलं म्हणून उंबरठा नाही, आणि एकाची सारी पेठच आपली झाली म्हणून उंबरठा नाही. आणि तुम्ही नुसता उंबरठा पाहून गेले."

"अगदी तसंच," बाई ओशाळून म्हणाल्या. "जुना वाद आहे हा. बौद्ध म्हणतात, 'मी' शोधायला जा, शोधता शोधता कळतं की तो नाहीच. शैव तांत्रिक म्हणतात, 'मी' मारू नका, एवढा पसरू द्या की बाहेर काही उरायलाच नको. आम्ही म्हटलं, भांडता कशाला, उत्तर दोघांचं शून्यच."

प्रणाली इतका वेळ पहारेकऱ्याच्या तळहातावर फुंकर घालत होती. ती तिथूनच बोलली. "दोन वाटा नाहीत हो, डॉक्टर. घरात शोधलं, घरमालक सापडला नाही. मग दाराला कडी कोण लावणार? सगळे आत आले. विहारातल्या भन्तेंनी शून्यतेसोबत करुणा शिकवली ती उगाच नाही. तुमचे टोपवाले घर रिकामं झालं तिथेच थांबले. पाहुणे यायच्या आधी."

काळमेघबाईंनी मान खाली घातली. मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. असंच चाललं तर प्रणालीचं हृदय फार दिवस साथ देणार नाही. पंचपद सोडूनही उपयोग नाही. नाक्यावरचा भिकारी दिसला तरी तिचे अठ्ठ्याऐंशी होतात. उपाय एकच, टोप. अठ्ठ्याऐंशीचे तीन होतील. अंतर शून्यच राहील, पद राहील, भूक लागेल, झोप येईल.

"आणि निकाल? ते तर बिघडतील," देवानंद म्हणाला. त्याला कुठेतरी ते बिघडावेत असं वाटत होतं.

"नाही ना. तीच तर पंचाईत आहे. टोपवाल्यांचे आणि ताईंचे निकाल मी ताडून पाहिलेत. एकाच प्रकरणात दोघं एकच सांगतात. न्यायाला दुःख लागतच नाही, भाऊ."

मग बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. निरंतर माणसाला स्वतःचं हित वेगळं दिसत नाही, म्हणून त्याच्या शरीराबद्दलची संमती कायदा त्याच्याकडून घेत नाही. जवळच्या माणसाकडून घेतो. टोप घालायचा की नाही, हे देवानंदने ठरवायचं.

आयुष्यात पहिल्यांदा देवानंदला भाव ठरवता येईना. बायको जगायला हवी, यात घासाघीस नव्हती. तो 'घाला' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर प्रणालीकडे गेली आणि त्याच्या डोक्यात ते अठ्ठ्याऐंशी एकदम लख्ख उजळले. त्या पहारेकऱ्याला अठ्ठ्याऐंशी. नाकाड्यांना अठ्ठ्याऐंशी. मग आपल्यालाही अठ्ठ्याऐंशीच की! पेटी कधी फोडलीच नव्हती या बाईने. ज्याला त्याला अख्खी पेटी दिली होती. आपण इतकी वर्षं फोड समजून चोखत होतो ते काय होतं? आपल्या एकाहत्तरवाल्या जिवाने आपल्या लेकरांवरही एवढी माया केली नसेल. टोप घातला की ती तशीच गोड हसेल, तशीच खिचडी करील, आणि आपल्या वाट्याला तीन येतील. सगळ्यांच्याच येतील. फरक कोणत्याच यंत्राला कळणार नाही.

"प्रणाली," तो म्हणाला, "तूच सांग. काय करू?"

"मी कशी सांगू? कायद्यात बसत नाही," ती हसली. "पण मी पंच आहे ना, एक विचारते. समजा ही दुसऱ्या कुणाची बायको आहे. तिचा नवरा तुमच्याकडे सल्ल्याला आला. काय सांगाल?"

"दुसऱ्याची असती तर..." तो अडला. खोटं बोलायचं तर हिच्यापुढे चालत नव्हतं. "दुसऱ्याची असती तर म्हटलं असतं, बाबा रे, नको घालू. 'नाही' ऐकणाऱ्या घरात निदान एक तरी माणूस खरोखर रडायला पाहिजे. असं म्हणून मी आपला मजेत घरी जेवायला गेलो असतो."

"मग?"

"मग काय? ते अंतर आहे माझं. एकाहत्तर." त्याने डोळे पुसले. "नका घालू, डॉक्टरबाई. लिहून घ्या. आणि हे मी तिच्यासाठी म्हणतो, लोकांसाठी म्हणतो, की माझे अठ्ठ्याऐंशी जाऊ नयेत म्हणून म्हणतो, हे मले विचारू नका. मलेच कळून नाही राहिलं."

परतताना तो गाडी चालवत होता. चेहरा त्याने हसरा ठेवला होता. बाजारात बसणाऱ्याला ते जमतं. पण आत तो ढसाढसा रडत होता. अजनी ओलांडली तशी प्रणालीने छातीवर हात ठेवला.

"अहो, आत एवढं कुढू नका हो," ती म्हणाली. "मला धाप लागते."

देवानंदने गाडी बाजूला घेतली. आता त्याला सगळाच मामला दिसला. हिला वाचवायचं तर आपण दुःखी होऊन चालणार नाही. हसऱ्या तोंडाने ही फसत नाही. खरोखरच बरं असावं लागेल. पण आपण एकटे बरे होऊन काय होतं? नाकाडे दुखावले तरी हिला तेवढंच लागणार. पहारेकऱ्याचं पोर नापास झालं तरी तेवढंच. माझ्या, फक्त माझ्या बायकोचा जीव वाचवायचा, तर हे अख्खं नागपूर सुखात ठेवणं आलं! याच्याएवढा स्वार्थ कुणी कधी मांडला नसेल, आणि याच्याएवढा तोट्याचा धंदाही.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा निकाल लागला. 'नाही' जायचं होतं कामठीला, एका सेवानिवृत्त इंजिनचालकाच्या घरी. प्रणाली दुपारी जाणार होती. निकाल तिनेच सांगायचा, त्याला देवानंद हात लावणार नव्हता. पण सकाळीच तो डबा घेऊन त्या दारात उभा राहिला. आतून त्या माणसाची मोठी बहीण आली, डोळे सुजलेली.

"कोण तुम्ही?"

"मी गजभिये. पंचबाईंचा नवरा."

पंच घरी येतो तो 'नाही' सांगायलाच, आणि आता पंचाचं माणूस दारात आलं, म्हणजे काय समजायचं ते ती समजली. मग तिने जे तोंड सोडलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तुझी बायको देवी झाली काय, तुझ्या घरचं कुणी मरत असतं तर कळलं असतं, चालता हो. आतमध्ये तो पिवळा पडलेला माणूस कूस बदलून भिंतीकडे तोंड करून निजला होता. देवानंदला राग आला, चांगला एकाहत्तरचा आला. पण तो दारातून हलला नाही. पायरीवरच त्याने बसकण मारली आणि डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

"द्या ताई, शिव्या द्या, पाहिजे तेवढ्या द्या," तो म्हणाला. "पण आधी दोन घास खाऊन घ्या, आणि त्यांनाही चारा. उपाशी पोटाच्या शिव्या मले नाही लागत हो. घरी तिला लागतात."