सशाकडे पाठ केलेलं थडगं

"मिन्गीदादा, तू गवत कापतोयस की गुदगुल्या करतोयस त्याला?" दाओनने विचारलं.

"नऊ वर्षांच्या माणसांनी दंताळं धरावं आणि तोंड बंद ठेवावं!" तेरा वर्षांचा मिन्गी घाम पुसत म्हणाला. त्याच्या हातात आजोबांचा विळा होता, आणि तो त्याचं अजिबात ऐकत नव्हता.

दाओनची मोठी बहीण बोरम हसली नाही. ती टेकडीवरची थडगी मोजत होती. प्यो घराण्याची सगळी माणसं याच उतारावर, मातीच्या गोल उंचवट्यांखाली निजलेली. जुनी अकरा आणि सगळ्यात खालच्या ओळीत आजोबांचं बारावं. आजोबा हिवाळ्यात गेले. त्यांच्यावरच्या नव्या हिरवळीचे चौकोन अजून एकमेकांना चिकटले नव्हते.

दरवर्षी छुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, सुट्टीत ही मंडळी सोलहून इथे यायची, तेव्हा टेकडी हजामत केल्यासारखी गुळगुळीत असायची. आजोबा विळा घेऊन एकटेच आधी येऊन जायचे. यंदा मात्र कमरेएवढं गवत होतं, आणि मोठे काका, म्हणजे मिन्गीचे बाबा, गवत कापायच्या नव्या यंत्राची दोरी ओढून ओढून लाल झाले होते.

"अकरा, बारा... मग ते तेरावं कुणाचं?" बोरमने खाली बोट दाखवलं. घळीच्या कडेला एक बुटकं थडगं होतं. त्यावर लाल अक्षरांची पाटी रोवलेली. तिघं धावत खाली गेली. बोरमने मोठ्याने वाचलं:

"रस्त्याच्या कामासाठी हे थडगे हलवायचे आहे. वारसांनी ३० सप्टेंबरपर्यंत कळवावे. न कळवल्यास बेवारस समजून अवशेष काढून नेण्यात येतील."

"तीस म्हणजे आजच!" दाओन ओरडली. खाली कच्च्या रस्त्यावर पिवळं खोदयंत्र उभं होतं आणि त्याच्या सावलीत दोन माणसं शेवया ओरपत बसली होती.

"बेवारस आहे, म्हणून तर पाटी लावलीय," मिन्गी म्हणाला.

"मग यावर झाड कसं नाही?" बोरम म्हणाली. "पलीकडच्या टेकडीवरचं बेवारस थडगं आठव. त्यातून दंडाएवढ्या जाड बाभळी आल्यात. इथे एकसुद्धा खोड नाही. नुसतं गवत, तेही एकाच वर्षाचं. म्हणजे गेल्या वर्षी हे कुणीतरी कापलं होतं!"

"गेल्या वर्षी इथे विळा घेऊन कोण आलं होतं?" मिन्गीने विचारलं आणि आपल्या हातातल्या विळ्याकडे बघत राहिला.

मोठ्या काकांनी मात्र सगळं उडवून लावलं. "वंशावळीत या टेकडीवर पुरलेल्यांची अकरा नावं. इथे जुनी थडगी अकरा. संपलं! आपलं नाही ते. मिन्गी, पेट्रोलचा डबा आण!"

"पण आजोबा तिथे..."

"तुझे आजोबा शेजाऱ्याच्या बैलालाही पाणी पाजायचे, बोरम. चला, कामाला लागा!"

तिघं कामाला लागली, पण ती वेगळ्याच! गावातल्या घरी पेटीत वंशावळ होती, निळ्या कापडात बांधलेली. ती चिनी अक्षरांत छापलेली असल्यामुळे कुणी उघडायच्या भानगडीत पडायचं नाही. बोरम दोन वर्षं शाळेत ती अक्षरं शिकत होती. तिने अडखळत एकेक ओळ लावली. जन्माचं वर्ष, मृत्यूचं वर्ष, मग टेकडीचं नाव आणि शेवटी...

"उंदराकडे पाठ," तिने वाचलं. पुढच्या ओळीतही उंदराकडे पाठ. त्याच्या पुढेही तेच!

"सगळे मेल्यावर उंदरांवर रुसले की काय?" मिन्गी खिदळला.

"थांब! दिशा असलेली शेवटची ओळ पणजीची, आजोबांच्या आईची. इथे ससा आहे! सशाकडे पाठ."

बोरमने डोळे मिटले. वर्गात बाईंनी बारा प्राण्यांचं चक्र फळ्यावर काढलं होतं. ते नुसतं वर्षांचं नव्हतं, दिशांचंही होतं. उंदीर वर, घोडा खाली, ससा उजवीकडे...

"उंदीर म्हणजे उत्तर, ससा म्हणजे पूर्व! दादा, तुझ्या फोनवर होकायंत्र आहे ना?"

तिघं पुन्हा टेकडीवर पळाली. प्रत्येक थडग्याला मागे निमुळतं होत गेलेलं मातीचं शेपूट असतं. जिकडे शेपूट, तिकडे निजलेल्याची पाठ. वरच्या अकराही थडग्यांची शेपटं थेट उत्तरेला होती. पणजोबांच्या शेजारी पणजी म्हणून ज्याला सगळे वाकायचे, त्याचंही!

मग खालचं बुटकं थडगं. मिन्गीने फोन शेपटाच्या रेषेत आडवा धरला. काटा डुलला, थांबला.

"पूर्व!" तो कुजबुजला. "ही पणजी आहे!"

"मग वर पणजोबांच्या शेजारी कोण आहे?" दाओनने विचारलं, आणि तिघं गावाकडे पळाली.

गावात सगळ्यांत जुनं माणूस म्हणजे ओकबून आजी. ती अंगणात लाल मिरच्या उलथत बसली होती. बोरमने धापा टाकत प्रश्न विचारला.

"शेजारी? कुणी नाही. नुसती माती!" आजी मिरच्यांवरून नजर न काढता म्हणाली. "नवरा गेला तेव्हाच त्याच्या शेजारी तिचीही जागा करून ठेवली होती. पण मरताना ती अडून बसली. म्हणाली, मला पश्चिमेच्या खिंडीकडे तोंड करून ठेवा. थोरला त्याच वाटेने लढाईवर गेला होता. अठरा वर्षांचा. गेला तो गेलाच, ना निरोप ना काही. येईल तेव्हा त्याला आधी आई दिसायला हवी, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा नवी नवरी होते. भाऊबंद किती चिडले! बायको नवऱ्यापासून लांब? लोक काय म्हणतील? मग तुझ्या आजोबांनी वरचा रिकामा उंचवटा तसाच ठेवला आणि आईला गुपचूप खाली नेलं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"कुणाशी बोलू, पोरी? तुमची मंडळी गाडीतून उतरतात, वाकतात, खातात, गाडीत बसतात. विचारलं कुणी?"

तिघं परतली तेव्हा मोठ्या काकांनी पणजोबांच्या शेजारी चटई अंथरली होती. बूट काढून, वाटी दोन्ही हातांत धरून ते तांदळाची दारू अर्पण करायच्या बेतात होते.

"वंशावळ गवतात आणलीत? अक्कल गहाण टाकलीय का?"

"मोठे काका, एकच शंका," बोरम अगदी गरीब चेहरा करून म्हणाली. "हे 'ससा' कशाला लिहिलंय?"

"जन्माचं वर्ष. एवढंही कळत नाही?"

"आणि हे 'उंदीर'?"

"तेही जन्मवर्षच!"

"दहाच्या दहा जण उंदराच्या वर्षात जन्मले? सासरे, सुना, बाप, लेक, सगळेच?"

बोरमची आई हसू दाबायला मागे वळली. काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"आणि बाबा, पणजी कुठल्या वर्षातली?" मिन्गीने हळूच विचारलं.

"बैलाच्या! माझीच आजी ती. दरवर्षी तिचं श्राद्ध मी..." काका थांबले. त्यांचं बोट सशावर होतं.

बोरमने भराभर सगळं सांगितलं. दिशा, शेपटं, ओकबून आजी. काकांनी शेजारच्या उंचवट्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं ते त्याच्यापुढे कपाळ टेकवत आले होते.

तेवढ्यात खाली घर्र आवाज झाला. खोदयंत्र सुरू झालं होतं!

"ए! थांबा! थांबवा ते!" काका धावले. बूट चटईपाशीच राहिले, हातातली दारू सांडत गेली आणि गवतात त्यांचे पांढरे पायमोजे हिरवे होत गेले. मागून तिघंही. काका घसरले, उठले आणि थेट पाटीपुढे हात पसरून उभे राहिले.

"वारस आहेत! आम्ही आहोत! माझी आजी आहे ही!"

मुकादमाने यंत्र बंद करायला लावलं. "मग तीन महिने कुठे होता, साहेब? यंत्र बाजूला लावत होतो, उद्या सकाळी उघडणार होतो. पुरावा आहे?"

बोरमने पान उघडून धरलं. मुकादमाने अक्षरांकडे पाहिलं, मिन्गीच्या फोनवरच्या काट्याकडे पाहिलं आणि पाटी उपटून खांद्यावर टाकली. "नाव, फोन लिहून द्या. रस्ता चार हात सरकवता येतो का, ते साहेबांना विचारतो. पण वारसाला विचारल्याशिवाय आता हात लावणार नाही."

सगळं ताट खाली आणावं लागलं. नासपती, मासे, तिळाच्या सारणाचे सोंगप्यॉन. "बरं झालं, वर कुणी काही उष्टं केलं नव्हतं," दाओन म्हणाली, आणि या वेळी काकासुद्धा हसले. मग ते गंभीर झाले. आधी त्यांनी वाकून नमस्कार केला, मग सगळ्यांनी. काठी टेकत आलेली ओकबून आजी म्हणाली, "घरात वाचणारं माणूस आलं म्हणायचं!"

"तीन वाचणारी माणसं," काका म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं मोजत होतो, यांनी वाचलं. शाबास रे पोरांनो!"

बोरम वंशावळीचं पान बंद करत नव्हती. पणजीच्या ओळीखाली तिच्या थोरल्या मुलाची ओळ होती. जन्माचं वर्ष होतं. पुढे सगळं कोरं.

"मोठे काका, वरचा उंचवटा रिकामाच आहे ना?"

काकांनी ती ओळ पाहिली. मग त्यांनी खिशातून पेन काढून तिच्या हातात दिलं.

"तूच लिही. तुझ्या बापाला आणि मला ही अक्षरं येत नाहीत."

बोरमने पान गुडघ्यावर ठेवलं. नाव छापलेलं होतं, फक्त थडग्याची जागा भरायची होती. तिने टेकडीचं नाव लिहिलं, वडिलांच्या शेजारी, उंदराकडे पाठ. शेवटचं अक्षर अवघड होतं. दाओन श्वास रोखून बघत होती. बोरमने ते सावकाश, एकही रेघ न चुकवता काढलं.